मूळ प्रत आणि नक्कल

पुराव्याच्या कायद्यात मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांत भेद करण्याची परंपरा जुनी आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने हा भेद समजावून सांगताना जे उदाहरण घेतले, ते योगायोगाने छायाचित्राचेच होते. मूळ कागदाचे छायाचित्र हा त्या कागदाच्या मजकुराचा दुय्यम पुरावा होय, आणि ज्याचे छायाचित्र घेतले तो कागद मूळच होता हे आधी शाबीत झाले पाहिजे, असे ते उदाहरण सांगते. त्या वेळी छायाचित्रणाची कला या देशात येऊन पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती. आज दीडशे वर्षांनंतर हौशी छायाचित्रकारांच्या मंडळींत जो वाद रंगतो, त्याचा निवाडा करावयास हे जुने उदाहरण अजूनही उपयोगी पडेल असे मला वाटते. फिल्म श्रेष्ठ की डिजिटल कॅमेरा, आणि जुनी निगेटिव्ह स्कॅनरवर उतरवली तर हाती आलेल्या चित्रास मूळ म्हणावे की नक्कल, हा तो वाद होय. न्यायालय साक्षीदाराचा पोशाख पाहत नाही; तो कोठे उभा होता, त्याने काय पाहिले आणि मधल्या काळात त्याला कोणी पढविले काय, एवढेच विचारते. छायाचित्रालाही हेच प्रश्न विचारावेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

प्रथम ‘हौशी’ या शब्दाविषयी. आपल्याकडे हौस म्हणजे फावल्या वेळचा खेळ असा अर्थ रूढ होऊ पाहत आहे. पण छायाचित्रणाचा इतिहास या अर्थाला दुजोरा देत नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या काळात जी एतद्देशीय नावे आढळतात, त्यांत गोव्यातील मांद्रे येथून आलेल्या घराण्यातील डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांची नावे ठळक आहेत. दोघांचाही व्यवसाय वैद्यकाचा. कॅमेरा ही हौस. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हेदेखील प्रथम इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. छायाचित्रणाकडे ते वळले १८७४ च्या सुमारास, तेही हौस म्हणून. पुढे सहाव्या निजामांच्या पदरी ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ ही पदवी त्यांना मिळाली. आमचा बिदर जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. त्यामुळे दीनदयाळांकडे आम्ही सीमाभागातले लोक काहीशा घरोब्याने पाहतो. सांगावयाचे ते इतकेच की, पोटासाठी चित्र काढणे न काढणे यावर गांभीर्य अवलंबून नसते. जो आपल्या चित्राची जबाबदारी घेतो, तो गंभीर.

दीनदयाळांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळवून जतन केल्या. या चित्रांचा मोठा गुण म्हणजे त्यांतील धीर. कॅमेरा तिपाईवर सरळ उभा; खांब खांबासारखे उभे, कमानी झुकलेल्या नाहीत; सावली अशा वेळची निवडलेली की कोरीव कामाची खोली डोळ्यास समजावी. प्रत्येक काच वाहून नेण्याचे श्रम आणि तिचा खर्च इतका होता की, निरीक्षण आधी आणि उघडझाप नंतर, हा क्रम आपोआपच पाळला जाई. अशी काच आज स्कॅनरखाली ठेवली म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कागदी प्रतीत न दिसलेला तपशीलही पडद्यावर उलगडू शकतो. यंत्राचा हा उपकार मान्य केलाच पाहिजे. पण त्या काचेत तपशील होता म्हणून तो उलगडला, हेही विसरता कामा नये. स्कॅनर काही निर्माण करीत नाही. असलेले वाचून दाखवितो, आणि वाचताना कधी कधी चुकतोही.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण डॉ. कृष्णानंद कामत यांचे. होन्नावर येथे १९३४ साली जन्मलेले, अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले, विद्येने शास्त्रज्ञ, कन्नडमधील प्रवासवर्णनांचे लेखक आणि मातृभाषा कोंकणी असलेले हे गृहस्थ २००२ साली निवर्तले. त्यांनी हयातभर कॅमेरा वागविला, आणि त्यातून जी मोठी कामगिरी झाली ती कावी कलेच्या नोंदीची. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आणि गोव्यातील देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, तो कोरून आतला पांढरा चुना उघडा करावयाचा, अशी ही दोनच रंगांची कला. वेलबुट्टी, देवदेवता, स्वार, पौराणिक प्रसंग हे सारे त्या दोन रंगांत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा अनेक भिंती पाडल्या गेल्या वा रंगाच्या डब्याखाली गेल्या; सिमेंट आणि गुळगुळीत फरशी यांनी त्यांची जागा घेतली. ज्या भिंती गेल्या त्यांचा पुरावा आता चित्रांतच शोधावा लागतो. कामतांची चित्रे त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे संगणकीय रूपात लोकांसमोर ठेवली, म्हणून होन्नावर न पाहिलेला मनुष्यही आज त्या पाहू शकतो. देवळाच्या समाजाने अशा हौशी माणसाचे ऋण किती मानले, हा प्रश्न मी येथे विचारत नाही. पण त्या चित्रांचे कलामूल्य कशात आहे हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. ते मूल्य त्यांच्या नम्रतेत आहे. भिंत समोर आहे, छायाचित्रकार बाजूला आहे. भिंतीला काही म्हणावयाचे आहे आणि ते तिला म्हणू दिले आहे.

आता स्कॅनरच्या कारभाराकडे वळू. बाजारात यंत्रावर जो आकडा छापलेला असतो तो आणि यंत्र प्रत्यक्ष टिपते तो तपशील, यांत पुष्कळ अंतर असते. साध्या सपाट स्कॅनरवर एका इंचाला सहा हजार ठिपक्यांहून अधिक असा दावा असला, तरी खरा तपशील बहुधा त्याच्या निम्म्यावरही पोहोचत नाही. केवळ फिल्मसाठी बनविलेला चांगला स्कॅनर इंचाला ४००० ठिपके टिपतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. म्हणजे अशा एका चौकटीतून सुमारे २ कोटी १४ लाख ठिपके मिळतात, आणि हौशी माणसाची गरज यात बहुतेक भागते. आता ज्यांच्या घरात वडिलांचा आगफा क्लिक थ्री होता त्यांनी दुसरा हिशेब करावा. त्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाचा रोल बसे आणि बारा चौरस चित्रे निघत. तिची निगेटिव्ह सुमारे ५६ मिलिमीटर चौरस, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून मोठी. इंचाला २००० खरे ठिपके टिपणाऱ्या सामान्य स्कॅनरवरही तिच्यातून १ कोटी ९० लाखांवर ठिपके हाती लागतात. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. त्या कॅमेऱ्याचे भिंग साधे, एकेरी. कडेला चित्र मऊ पडे. ठिपके कितीही वाढविले तरी वाढते ती मऊपणाची मोजणी. स्पष्टता वाढत नाही. साक्षीदाराला दिसले तेवढेच त्याने सांगितले आहे. उलटतपासणी लांबविली म्हणून त्याची दृष्टी सुधारत नाही.

धुळीचाही एक मुद्दा आहे. चांगल्या फिल्म स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ व ओरखडे ओळखून ते आपोआप भरून काढण्याची सोय असते. रंगीत फिल्मवर ती छान चालते, कारण तिच्यातील रंगद्रव्यांतून ते किरण पार जातात. पारंपरिक काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचे असते. चांदी ते किरण अडविते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजू लागते. आजोबांच्या चेहऱ्यावरचा देवीचा व्रण आणि निगेटिव्हवरचा ओरखडा यांतील फरक यंत्राला कळत नाही. तो माणसालाच कळावा लागतो. म्हणून काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हसाठी ही सोय बंद ठेवावी, हलक्या कुंच्याने धूळ झाडावी, आणि उरलेले डाग पुढे स्वतंत्र प्रतीवर हाताने दुरुस्त करावेत.

अलीकडे पुष्कळ जण निराळ्या स्कॅनरऐवजी डिजिटल कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचे चित्र घेतात. खाली एकसारखा उजेड देणारी पाटी, वर मॅक्रो भिंग, फिल्म ताठ धरणारी चौकट, आणि कॅमेरा फिल्मशी काटेकोर समांतर, एवढी व्यवस्था नीट जमली तर काम जलद होते आणि उत्तमही होते. यात गंमत अशी की, १८७२ च्या अधिनियमातील ते उदाहरण येथे अक्षरशः खरे होते : चित्राचेच चित्र, दुय्यम पुराव्याचा शुद्ध नमुना!

खरी अडचण रंगाची. जुन्या रंगीत पारदर्शिकांची द्रव्ये काळाने विटतात, आणि सगळी सारख्या वेगाने विटत नाहीत. त्यामुळे चित्र तांबूस वा जांभळट दिसू लागते. स्कॅनरबरोबर मिळणारे ‘रंग पूर्ववत करा’ हे बटण दाबले की चित्र टवटवीत होते खरे, परंतु ते पूर्ववत होते काय? यंत्राने ती भिंत पाहिलेली नाही. कावीच्या चित्रात प्रश्न फक्त एका तांबड्याचा आणि एका पांढऱ्याचा असतो. पण तो तांबडा नेमका कोणता हेच उद्या भिंत पुन्हा उभी करू पाहणाऱ्या कारागिराला हवे असते. स्वयंचलित कॅमेराही येथे फसतो. सगळी चौकट तांबडी पाहून तो उजेडच तांबडा आहे असे समजतो आणि चुन्याचा पांढरा निळसर करून टाकतो. उपाय साधा आहे. चित्र घेताना एका चौकटीत प्रमाणित रंगपट्टी धरावी आणि मोजपट्टीही ठेवावी. दिसावयास ते सुंदर नाही; पण दस्तऐवजावरचा शिक्का तरी कोठे सुंदर असतो?

डिजिटल कॅमेऱ्याविषयी फिल्मचे अभिमानी जे बोलतात त्यात थोडे तथ्य आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी शोधलेली आणि १९७६ साली पेटंट मिळालेली रंगजाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिच्यात निम्मे ठिपके हिरवा प्रकाश मोजतात, पाव तांबडा आणि पाव निळा. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीनांपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अनुमानिलेले. तथापि अनुमान हे न्यायशास्त्रातही प्रमाण मानले आहे. हेतू शुद्ध असला म्हणजे झाले. आणि या कॅमेऱ्याने जे दिले आहे ते थोडे नाही. समईच्या उजेडात, झोतदिवा न पेटविता आणि पूजेला व्यत्यय न आणता, सभामंडपाचे चित्र घेणे पूर्वी फार कठीण होते. आज ते शक्य आहे. (गाभाऱ्यात जेथे मनाई असेल तेथे ती पाळावी, प्रत्येक गोष्ट दिसलीच पाहिजे असा काही नियम नाही.) भिंत उद्या पाडावयाची असेल तर आजच चित्र तपासून, चुकले असल्यास पुन्हा घेता येते. फिल्म धुऊन येईपर्यंत भिंत थांबत नाही.

मात्र यंत्रावर विसंबून चालत नाही, याचा धडा आमच्याच जिल्ह्यातील बिदरी कामावर उत्तम मिळतो. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे, त्यावर चांदीची नक्षी, आणि किल्ल्यातील मातीच्या लेपाने काळीभोर झालेली पार्श्वभूमी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सर्व जगाला मध्यम करडे मानतो. त्याच्यावर सोडले तर बिदरीचा काळा करडा होतो आणि चांदी जळून पांढरी होते. ज्याला ते काळे आहे हे ठाऊक आहे, तो प्रकाश कमी करतो. शिवाय १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेग चित्रात रंगागणिक फक्त २५६. काळ्यातले काळे वेगळे दाखवावयाचे तर त्या पायऱ्या लागतात. म्हणून गंभीर हौशी माणसाने रॉ फाइल जपावी. ती त्याची निगेटिव्ह आहे.

आता दोष सांगावयास हवेत. आजच्या प्रदर्शनांत आणि स्पर्धांत देवळांची जी चित्रे दिसतात, त्यांपैकी बरीच मला साक्ष म्हणून अग्राह्य वाटतात. आकाश शाईसारखे निळे; दीपमाळ सोन्यासारखी पिवळी; सावल्या इतक्या उजळलेल्या की ऊन कोठून येते तेच समजू नये; विजेची तार पुसलेली, आणि तिच्याबरोबर कोपऱ्यात बसलेली फुलवालीही पुसलेली. काळोख्या खोलीत प्रत काढताना एखादा भाग गडद वा फिका करणे हे जुन्यांनीही केले. तो स्वर चढविण्या-उतरविण्याचा अधिकार आहे. पण होते ते काढणे आणि नव्हते ते घालणे हा खाडाखोड केलेला दस्तऐवज होय. ज्याला तसे करावयाचे त्याने ते उघड सांगावे, आणि त्याला चित्रकला म्हणावे. आमची तक्रार नाही. त्याहून केविलवाणा प्रकार म्हणजे डिजिटल चित्रावर फिल्मचा खोटा दाणा आणि खोटे ओरखडे चढविणे. नव्या पितळेला चिंच न लावता मुद्दाम कळकट करून जुने म्हणून विकण्यासारखाच तो प्रकार. फिल्मचा दाणा हा तिच्या पदार्थाचा धर्म होता. त्याची नक्कल म्हणजे नकलेचीही नक्कल.

दुसऱ्या बाजूस फिल्म वापरणे म्हणजेच तपश्चर्या, असे मानणाऱ्यांचीही गल्लत होते. छत्तीस चौकटींच्या मर्यादेने पुष्कळांना विचार करावयास शिकविले हे खरे. पण त्याच मर्यादेत निष्काळजी चित्रे काढणारेही कमी नव्हते. शिवाय उटकमंडचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना, ज्याच्या ‘इंदू’ फिल्मवर या देशातील कितीतरी हौशी हात बसले, तो बंद पडला आहे. आज आयात फिल्म, ती धुणे आणि मग स्कॅन करणे हा खर्च लहान गावातल्या शिक्षकाला वा कारकुनाला पेलण्याजोगा राहिलेला नाही. संयम हा स्वभावात असावा लागतो. रोलच्या लांबीने तो कायमचा मोजता येत नाही.

कायद्यानेही या बदलाची दखल घेतली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने पुरावा अधिनियमात कलम ६५-ब घातले. संगणकीय नोंदीची प्रत ग्राह्य ठरावयास प्रमाणपत्र हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अन्वर विरुद्ध बशीर या निर्णयात सांगितले, आणि जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात २०२० साली ते दृढ केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. संगणकीय नोंद एकाहून अधिक फाइलींत साठविली गेली असेल तर त्यांपैकी प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा मानावी. आणि योग्य ताब्यातून सादर झालेली नोंद, तिच्याविषयी वाद नसेल तर, प्राथमिक समजावी, असे तो सांगतो. प्रमाणपत्रात फाइलीचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावयाचे असते. एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलते. यातील ‘योग्य ताबा’ हे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. डिजिटल चित्र मूळ असू शकते, हे कायद्याने मान्य केले. पण त्याला कोणी सांभाळले हा प्रश्न त्याने सोडून दिला नाही.

आणि आमच्या बाजूला नेमका तोच प्रश्न जिवंत आहे. ठाणाकुशनूर, कमलनगर, भालकी या पट्ट्यात घरात मराठी बोलली जाते, कचेरीचे कागद कन्नडमध्ये येतात, आणि १९५६ पूर्वीचे पुष्कळसे दफ्तर उर्दूत आहे. त्या साली उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. एका घरच्या दोन भावांची चावडी दोन राज्यांत झाली. अशा प्रदेशात ट्रंकेतल्या जुन्या फोटोला कागदाहून अधिक किंमत असते, कारण तो वाचावयास लिपी लागत नाही. जत्रेतली पालखी, जुन्या देवळाचा सागवानी मंडप, वाड्याची ओसरी, जमिनीवर ओळीत बसलेली शाळा, हे सारे त्यात असते. हल्ली उत्साही नातवंडे त्या फोटोंची मोबाइलवर चित्रे घेतात, ती सर्व नातेवाइकांना धाडतात, आणि ‘आता सगळे डिजिटल झाले’ म्हणून निगेटिव्हची पाकिटे रद्दीत टाकतात. गावोगावचे फोटो स्टुडिओ बंद पडतात तेव्हाही असेच होते. दुय्यम पुरावा हाती ठेवून मूळ दस्तऐवज आपल्याच हाताने फाडण्याचा हा प्रकार आहे. मोबाइल हरवला की दुय्यमही गेला.

म्हणून देवस्थानांच्या समित्यांना आणि घरोघरच्या कर्त्या माणसांना माझे सांगणे थोडके आहे. निगेटिव्ह फेकू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या व थंड जागी ती ठेवावी. कोंकणच्या दमट हवेत बुरशी आणि फिल्मला येणारा आंबूस वास यांकडे विशेष लक्ष द्यावे. स्कॅन करताना १६ बिटांची, धार न चढविलेली, न रंगविलेली एक प्रत करावी, आणि तिला पुन्हा हात लावू नये. सजावट करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक गावाबाहेर. चित्रात कोण आहे, कोठे आहे, कोणत्या साली आहे, हे आजीला विचारून आजच लिहून घ्यावे. स्कॅनरला आजी नसते. आणि जीर्णोद्धाराचा ठराव मंजूर करण्यापूर्वी एका हौशी छायाचित्रकाराला चार दिवस मोकळे सोडावे, रंगपट्टी व मोजपट्टी घेऊन. जुने पाडावे की राखावे याविषयी मतभेद असू शकतील. ते कसे होते याविषयी मतभेद उरू नयेत.

कलेच्या दृष्टीने पाहता, काच, फिल्म आणि संगणकाची फाइल या तिन्ही एकाच घरातल्या तीन पिढ्या आहेत. दीनदयाळांच्या काचेत जो धीर होता आणि कामतांच्या चित्रांत जी नम्रता होती, ती नव्या कॅमेऱ्यात येऊ शकत नाही असे मानण्यास काही कारण नाही. मात्र ती पेटीबरोबर विकत मिळत नाही. ज्याने पाहिले, पाहिले तसे नोंदले, बदलले ते सांगितले आणि मूळ सांभाळले, त्याचे चित्र ग्राह्य. मग ते चांदीच्या कणांचे असो वा आकड्यांचे.